अकरा वर्षांची बारी

सरजूय गावात पाण्यावरून भांडणं होत नसत असं नाही, पण ती दावरोनशी कुणी करत नसे. दावरोन गावाचा मीरोब होता, म्हणजे आपल्याकडचा पाटकरी. डोंगरातून येणाऱ्या पाटाचं पाणी कुणाच्या जर्दाळूंना, कुणाच्या कांद्यांना किती वेळ मिळणार, कुणाची बारी कधी, हे तो ठरवायचा. बावीस वर्षं तो हे करत होता. मनगटावरच्या जुन्या घड्याळाचा काटा ठरल्या जागी आला की पाणी अडवायची त्याची फळी पाटात पडलीच म्हणून समजा, मग वाफा सख्ख्या भावाचा का असेना. एकदा त्यानं खुद्द सासऱ्याच्या कांद्यांचं पाणी वेळ संपताच तोडलं, तेव्हा सासरा वर्षभर त्याच्याशी बोलला नाही. ते वर्ष फार सुखात गेलं, असं दावरोन नंतर सांगायचा.

तक्रार घेऊन कुणी आलं तर तो ऐकून घ्यायचा. मग डोक्यावरची टोपी मागे सारून म्हणायचा, "पुढच्या बारीला बघू." समोरचा माणूस काय समजायचं ते समजून घरी जायचा.

असा हा सरळ रेषेत चालणारा माणूस एका आकड्यात अडकला. तोही पाण्याच्या नाही, शाळेच्या.

ऑगस्टचे शेवटचे दिवस होते. एक सप्टेंबरला शाळा उघडायची होती आणि त्याआधी शाळेच्या अंगणात गावाची सभा बोलावली होती. तालुक्याहून शिक्षण खात्याच्या बाई आल्या होत्या. ऊन कडक होतं आणि बाईंना पुढे अजून दोन गावं करायची होती, त्यामुळे त्या कागदात डोकं घालून भराभर वाचत सुटल्या. वाचता वाचता म्हणाल्या, "आपल्या देशात मुलींचं शालेय आयुर्मान अकरा वर्षं आहे आणि मुलग्यांचं बारा."

पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं छातीवर हात मारून घेतला. "तौबा! अकराव्या वर्षी मरतात की काय पोरी?"

"नाही हो, बीबी, मरत नाहीत," बाई गडबडल्या. त्यांनी पुन्हा कागदात बघितलं, पण कागद काही मदत करायला तयार नव्हता. "म्हणजे असं बघा, मुलीच्या वाट्याला शाळेची अकरा वर्षं येतात. मुलाच्या वाट्याला बारा."

"बारा?" मागून चायखानेवाला ओरडला. "आपल्या शाळेत वर्गच अकरा आहेत. बारावा कुठं भरतो?"

"तुझ्या चायखान्यात!" कुणीतरी म्हणालं, आणि सगळं अंगण हसलं. बाईंनी घाम पुसला, घोटभर चहा घेतला आणि गाडीत बसून पुढच्या गावाला गेल्या. जाताना कागद मात्र घेऊन गेल्या, त्यामुळे पुढे जो गोंधळ झाला तो निस्तरायला गावाकडे काहीच उरलं नाही.

दावरोन हसला नव्हता. त्याच्या कानाला एकच शब्द चिकटला होता. वाट्याला. बाकी कशातलं त्याला फार कळत नसेल, पण वाटा म्हणजे काय हे कळत होतं. वाटा ठरलेला असतो. वाट्यापेक्षा जास्त कुणी घेऊ नये आणि कुणाचा वाटा कुणी तोडू नये. आणि त्याची धाकटी मुलगी मुनझिफा जूनमध्ये नऊ वर्गच संपवून घरी बसली होती.

बसली होती म्हणजे बसवली होती. नववीपर्यंतची शाळा सक्तीची, पुढची मर्जीची. गावात वरच्या अंगाला राहणाऱ्या हलीमच्या घरून मुनझिफाला मागणी आली होती. मुलगा चांगला होता, हाताला काम होतं. लग्न ती अठराची झाल्यावर, पण नान या शुक्रवारी मोडायचा असं ठरलं होतं. पाहुणे नान घेऊन येतात, दोन्हीकडच्यांनी तो मोडून खाल्ला की सोयरीक पक्की. हलीमच्या बहिणीची, गावाच्या रोझिया खोलाची म्हणजे मावशीची, एकच अट होती. दहावीच्या वर्गात पोरांच्या शेजारी बसणारी सून त्यांना नको होती. दोन-अडीच वर्षं घरी राहून तिनं शिवणकाम शिकावं. दावरोनला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. थोरल्या मुलीच्या, सावरीच्या वेळी असंच तर झालं होतं.

घरी आला तेव्हा बायका अंगणातल्या तंदूरपाशी होत्या. सावरी दोन गल्ल्या पलीकडे दिली होती, नान लावायच्या दिवशी आईला हात द्यायला यायची. तिची तीन वर्षांची अनोरा पिठाच्या गोळीशी खेळत होती. दावरोनची बायको खोसियत शाळेत झाडलोट करायची, त्यामुळे सभेला तीही होती, पण सगळ्यांच्या मागे.

"ऐकलंस ना?" दावरोननं ओट्यावर बसता बसता विचारलं. "अकरा म्हणाली ती."

"म्हणाली बाई काहीतरी," खोसियत म्हणाली. "मला तर वाटलं खुर्च्यांबद्दल बोलेल. चार खुर्च्या मोडल्यात, कधीच्या सांगतेय."

"मुनझिफाची वर्षं झाली नऊ."

"बरं मग?"

"मग दोन राहतात की."

तंदूरवर वाकलेली सावरी तशीच वाकून राहिली. मुनझिफा विहिरीवरून बादली घेऊन येत होती, ती मधेच थांबली. दहावीचं रसायनशास्त्राचं पुस्तक तिनं वरच्या वर्गातल्या मैत्रिणीकडून जूनमध्येच आणलं होतं आणि भिंतीला लावून उरलेल्या फुलाफुलांच्या कागदाचं कव्हर त्याला घातलं होतं. ते पुस्तक गाद्यांच्या उतरंडीत खालून दुसऱ्या गादीखाली होतं आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त दावरोन सोडून.

"हो दादो," ती बापाला हळूच म्हणाली, "दोनच राहतात."

"तुला कुणी विचारलं?" खोसियत तिच्यावर डाफरली. मग नवऱ्याला म्हणाली, "शुक्रवारी लोक नान घेऊन येणारेत आणि तुम्ही आज वजाबाकी करत बसलात? एवढंच वाटत असेल तर मुअल्लिमना विचारून या. मी झाडणारी बाई, मला काय कळतं त्यातलं."

खोसियतला नक्की काय हवं होतं ते खुद्द खोसियतलाही ठरवता येत नव्हतं. मुलगा चांगला होता. पण पोरगी रात्रंदिवस पुस्तकात असायची हेही ती बघत होती.

मुअल्लिम अस्लिद्दीन शाळेत गणित शिकवायचे आणि त्यांची बाग पाटाच्या अगदी शेवटच्या टोकाला होती. दावरोन गेला तेव्हा ते टोमॅटोच्या वाफ्यात उकिडवे बसून सुकलेली पानं खुडत होते. ते बघून दावरोनला आल्या पावली परत जावंसं वाटलं.

"मुअल्लिम, एक विचारायचं होतं."

"पाण्याचं असेल तर मी विचारायला हवं," मुअल्लिम वर न बघता म्हणाले.

"पाण्याचं नाही. मुलींच्या अकरा वर्षांचं. तो हुकूम आहे का?"

"हुकूम कसला? सरासरी आहे ती." मुअल्लिम उठले, हात झटकले. कुणी प्रश्न विचारला की त्यांचा राग पळायचा, ही त्यांची जुनी खोड होती. "देशातल्या सगळ्या मुलींची शाळेतली वर्षं एका हौदात ओत. मग हौद सगळ्यांत सारखा वाट. एकीच्या वाट्याला अकरा येतील."

"वाटला कुणी?"

"कुणीच नाही. कागदावर वाटला."

"कागदावर पाणी सोडलं तर झाड जगतं का मुअल्लिम?"

"हेच!" मुअल्लिमनी टाळी वाजवली. "तू शहाणा आहेस दावरोन, तुला कुणी शिकवलं नाही इतकंच. आता हे टोमॅटो बघ. तुझ्या हिशेबानं मला पाणी किती?"

"चार तास."

"आणि वरच्या हलीमला?"

"त्यालाही चार."

"त्याचा वाफा चार तासांत तुडुंब भरतो. माझ्याकडे चिखल होतो. पण दोघांचं पाणी एकत्र करून दोनानं भागलं तर दोघांनाही भरपूर आहे. कागदावर माझे टोमॅटो लालबुंद आहेत, दावरोन. चाखून बघ पाहिजे तर."

दावरोनचा चेहरा उतरला. बावीस वर्षांत त्याच्या तोंडावर असं कुणी बोललं नव्हतं. "मी फळी मिनिटभरही आधी टाकत नाही. मधे पाट पितो. पाझराचं पाणी मी कुणाच्याच बारीत धरत नाही. जमीन प्याली ते जमिनीचं. ते वरच्याकडून कापायचं नाही न् खालच्याला द्यायचं नाही. माझ्या बापानं घालून दिलेला नियम आहे."

"मी कुठं म्हणतोय तू चोर आहेस? मी म्हणतोय, तिकडे राजधानीत कुणाची तरी पोर सोळा वर्षं शिकते, आणि एखाद्या खोऱ्यात एखादी सहा वर्षांत घरी बसते. वाटून अकरा-अकरा."

"सोळा?" दावरोनला ते पटेना. "तिच्यावर फळी टाकायला कुणी नाही?"

"आहे की. तिचा बाप आहे. त्यानं टाकली नाही."

दावरोननं वाकून पाटाच्या तळाशी असलेल्या ओल्या रेतीत बोट घातलं. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या पोरीची राहिलेली दोन..."

"ती तुझी तू बघ. माझ्या टोमॅटोचं काय?"

"पुढच्या बारीला बघू," दावरोन म्हणाला आणि निघाला.

वाटेत त्याचं डोकं पार पिंजून गेलं. अकरा हा हुकूम नाही, म्हणजे पाळलाच पाहिजे असं नाही. पण वाटा तर आहे, भर सभेत सरकारी बाईनं सांगितला. वाटा आहे तर देणारा कोण? कागदावर वाटला म्हणतात, मग कागदावर जे मुनझिफाचं आहे ते कुणाकडे जाऊन मागायचं? आणि ज्या सोळावाल्या पोरीकडे पाच वर्षं जादा गेली, ती गेली कुणाच्या बांधावरून? पाण्यात असं झालं असतं तर त्यानं फावडं उचललं असतं, पाटाच्या कडेनं वर चालत जाऊन फुटलेली जागा शोधून काढली असती. इथं चालायचं कुठल्या पाटानं, हेच कळत नव्हतं. तो खरोखर दुःखी झाला. समजत नाही या गोष्टीची त्याला सवय नव्हती.

शुक्रवारपर्यंत त्यानं एवढंच ठरवलं, की जे समजत नाही ते बाजूला ठेवायचं आणि जे समजतं ते करायचं. समजत होतं ते इतकंच: वाटा अकरा, वापरली नऊ, उरली दोन. बारी चालू असताना फळी टाकायची नसते.

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर पाहुणे आले. हलीम, त्याचा चुलतभाऊ आणि रोझिया खोला. रुमालात बांधलेले दोन मोठे नान जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावर मधोमध ठेवले गेले. भोवती बदाम, जर्दाळू, साखरेचे खडे, मलईची वाटी. सावरी आत पुलाव उतरवत होती. मुनझिफाला दाराआड उभं केलं होतं, बोलावलं की चहा घेऊन यायला.

हवापाणी झालं, तब्येती झाल्या. हलीमनं नानाकडे हात नेला तेव्हा दावरोननं घसा खाकरला.

"हलीम अका, एक राहिलंय. पोरीच्या वाट्याची दोन वर्षं राहिलीत."

हलीमचा हात हवेतच राहिला. "कसली दोन वर्षं?"

"शाळेची. अकरा असतात. सभेत सांगितलं."

"ते मरणाचं काय सांगत होती ती बाई, ते?"

"मरणाचं नाही, वाट्याचं. तिनं नऊच घेतलीत. तेव्हा नान आज मोडायचा तर मोडू, पण एक तारखेपासून ती दहावीत जाईल. बारी चालू आहे."

खोसियतनं डोळे मिटून घेतले. दस्तरखानावर कुणीच कशाला हात लावेना. पहिली सावरली ती रोझिया खोला. या बाईची नजर अशी होती की शेजारच्या तंदुरात किती नान लागले ते ती धूर बघून सांगायची. शाळेच्या अगदी समोर तिचं घर होतं.

"नऊ का रे दावरोन?" ती गोड आवाजात म्हणाली. "मी समोरच राहते बाबा. ही पोर पाच वर्षांची असल्यापासून शाळेत जातेय. खोसियत झाडायला जायची तेव्हा हिला घेऊन जायची आणि पहिलीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसवून ठेवायची. दोन हिवाळे, दोन उन्हाळे. माझ्या खिडकीतून तिची लाल टोपी दिसायची. पाच ते सात, ही दोन. मग पहिलीपासून नववी, ही नऊ. किती झाली? मला कमी शिकवलंय, तूच सांग."

"अकरा," दावरोन म्हणाला. त्याच्या तोंडून ते आपोआप निघालं.

"अकरा," रोझिया खोला म्हणाली. "मोड हलीम नान, पुलाव गार होतोय."

खोलाचं बोलणं खरं होतं. खोसियतच्या मांडीएवढी ती पोर दोन वर्षं शेवटच्या बाकावर बसत होती, घरी येऊन अक्षरं म्हणून दाखवत होती आणि तो कौतुकानं हसत होता. बारीच्या आधी कुणी पाणी घेतलं तर तो ते त्याच्या बारीतून कापायचा. भावाचं कापलं होतं, सासऱ्याचं कापलं होतं. आता पोरीचं कापायचं नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला स्वतःचा सरळपणा नको झाला होता.

"खोला बरोबर बोलतेय," तो शेवटी म्हणाला.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "दादो, हजेरीत माझं नाव होतं का?"

मुनझिफा चहाची किटली हातात धरून उंबऱ्यावर उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. मागणी घेऊन आलेल्या माणसांसमोर मुलीनं तोंड उघडायचं नसतं आणि ते तिलाही माहीत होतं.

"आत जा," खोसियत पुटपुटली.

"नव्हतं," दावरोन म्हणाला. विचारलं की उत्तर द्यायचं, ही त्याची सवय.

"मला कुणी वही दिली होती? फळ्यापाशी बोलावलं होतं? ओचाची, माझ्या आईची, झाडलोट होईपर्यंत मी तिथं बसायचे. दुसऱ्यांना शिकवत होते, ते माझ्या कानावर पडायचं. मग ती बारी झाली का दादो, का पाझर? तुम्ही पाझर कुणाच्या बारीत धरता?"

हलीमच्या चुलतभावानं तोंडात टाकलेला बदाम तसाच गालात धरून ठेवला होता.

दावरोनचा चेहरा हळूहळू सैल झाला. तीन दिवसांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी नीट समजलं होतं. "नाही धरत," तो म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, "पाझर मी कुणाच्याच बारीत धरत नाही. जमीन प्याली ते जमिनीचं. रोझिया खोला, नऊच झालीत. दोन राहतात."

"अरे, मी मुलगी मागायला आलेय की कांद्याला पाणी?" रोझिया खोला उसळली. "आणि ही पाहुण्यांसमोर बापाला पाझर शिकवते! दहावी-अकरावी झाल्यावर तर आम्हालाच हजेरीत उभं करील. उठ हलीम. यांच्या पोरीचं लग्न पाटाशीच लावू दे."

हलीम मात्र हसत होता. "बस आपा, पुलाव तरी खाऊ. हा माणूस माझी फळी बावीस वर्षांत पाच मिनिटं पुढेमागे करत नाही, पोरीची काय करणार!" पण बहिणीनं रुमालाची गाठ बांधायला घेतली होती. त्याला उठावंच लागलं. दारात तो दावरोनच्या कानाशी म्हणाला, "दोन वर्षांनी पोरगा मोकळा असला तर येऊ. नसला तर राग मानू नकोस." नान जसे आले होते तसेच अख्खे परत गेले. गल्लीतल्या सगळ्या फाटकांतून ते जाताना बघितले गेले.

खोसियत थोडा वेळ रडली. मग म्हणाली, "चार शेर गाजर चिरलं होतं मी," आणि डोळे पुसून शेजाऱ्यांकडे पुलावाची ताटं पाठवायला उठली. मुनझिफा आतल्या खोलीत गेली. गाद्यांची उतरंड धाडकन कोसळल्याचा आवाज आला. दावरोन बघायला आत गेला आणि फुलाफुलांच्या कव्हराचं एक पुस्तक त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. त्यानं विचारलं, "हे कधी आणलंस?" ती नुसती हसली. त्यालाही हसू आलं. सोयरीक मोडल्याचं वाईट वाटत होतं, गाव काय बोलेल याची धाकधूक होती, पण आतून तो खुशीत होता. बारी कुणाची ते त्याला शोधता आलं होतं. तो दस्तरखानापाशी परत येऊन बसला आणि थंड झालेला चहा पिऊ लागला.

सावरी दस्तरखान आवरत होती. बदाम एका वाटीत, जर्दाळू एका वाटीत. अनोरा तिच्या ओढणीचं टोक धरून मागं मागं फिरत होती. आज सकाळपासून सावरी एक अक्षर बोलली नव्हती, पण तशी ती कमीच बोलायची, त्यामुळे कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"दादो," ती वाट्या गोळा करता करता म्हणाली, "माझीही नऊच झाली होती."

"हं," दावरोन म्हणाला.

"मग माझी दोन कुणाच्या वावरात गेली?"

ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती, शेतकरी येऊन विचारतात तसं. आणि दावरोनच्या डोक्यात मीरोबाचं उत्तर लगेच तयारही झालं, की राहिलेली बारी त्याच हंगामात मागायची असते, हंगाम उलटला की ती बुडाली. बावीस वर्षांत शंभरदा त्यानं हे लोकांना ऐकवलं होतं. आज ते त्याच्या घशाखालीच राहिलं. सावरी नववी झाली तेव्हा कुणी कागद वाचला नव्हता, कुणी वाटा सांगितला नव्हता. कुणी पाट फोडला नव्हता, कुणी पाणी चोरलं नव्हतं. फळी टाकणारा कोण होता ते शोधायला पाटाच्या कडेनं वर चालत जायची गरज नव्हती.

त्याला खूप वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की माणूस जे करतो तेच त्यानं केलं. दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलले होते दादो." सावरीनं दस्तरखानाचे चारही कोपरे मधे दुमडले, कण आत राहतील असे. "वरच्या फळीपाशी आले होते. ओचानं तुमचं जेवण दिलं होतं, ते घेऊन. शाळा दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. तुम्ही घड्याळात बघत होतात. म्हणालात, पुढच्या बारीला बघू."

दावरोननं आठवायचा प्रयत्न केला. सात वर्षांपूर्वीचा ऑगस्ट, शेवटचा दिवस. ते साल कोरडं होतं, पाटाला कमी पाणी होतं. त्या दिवशी बारी हलीमची होती, दुपारी बारा ते चार. चारला फळी टाकली होती, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. हलीमनं चहाला बोलावलं होतं आणि तो गेला नव्हता, कारण खाली कोहकन म्हाताऱ्याची बारी सुरू व्हायची होती. फळीला तडा गेला होता, त्यात त्यानं चिंधी कोंबली होती. चिंधीचा निळा रंगसुद्धा त्याला आठवला. हातात जेवणाचा डबा घेऊन फळीपाशी उभी राहिलेली सावरी मात्र त्याला काही केल्या आठवेना.